बहात्तर तासांत घर हलवणारी वेरा हुडाक

वेरा हुडाक आमच्या पोर्ट हॅलमच्या शाळेत स्वयंपाकीण होती. सप्टेंबर ते जून तीनशे मुलांचं दुपारचं जेवण रांधायचं, आणि शाळा बंद झाली की उन्हाळाभर बेसबॉल खेळणाऱ्यांची घरं बांधायची. विटांनी नव्हे, दोरीने. खेळाडूची बदली झाली की त्याचं घर खोक्यांत भरून, गाडीत घालून, नव्या गावी नेऊन लावून द्यायची. तिचा नवरा श्टेफान बंदरावर क्रेन चालवायचा. तो वारला तेव्हा ती त्रेचाळीस वर्षांची होती. पुढच्याच उन्हाळ्यात कपडे धुवायच्या दुकानात तिला एक एकोणीस वर्षांची पोरगी ओले कपडे मांडीवर घेऊन रडताना दिसली. नवऱ्याला क्लबाने सकाळी दुसऱ्या क्लबाला देऊन टाकलं होतं आणि तो दुपारी विमानात बसून गेलाही होता. मागे राहिलं भाड्याचं घर, पाळणा आणि अकरा दिवसांचं बाळ. वेराने तिचे कपडे पिळून दिले, मग तिचं घर बांधून दिलं. असं ते सुरू झालं.

मला ती भेटली अठ्ठ्याहत्तरच्या जूनमध्ये. पंधरा तारीख, गुरुवार. त्या काळी पंधरा जून म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीचा शेवटचा दिवस. त्या दिवशी आम्हा बायकांपैकी कुणीही धड जेवत नसे. फोन वाजला की काळजात धस्स व्हायचं, आणि नाही वाजला तरी व्हायचं.

आमचा अडीच वाजता वाजला. माझा नवरा डेल टॅकेट पिचर होता, उजव्या हाताने चेंडू टाकणारा, एकतीस वर्षांचा. म्हणजे मोठ्या लीगमध्ये जाण्याची वेळ टळलेली आणि घरी बसण्याची अजून न आलेली.

"नेल्डा, ट्रेड झाला माझा," तो म्हणाला. "आयोवातलं वेस्टन फॉल्स. त्यांचा शॉर्टस्टॉप इकडे येतोय, मी तिकडे. पाचचं विमान आहे."

"पाच? आज?"

"आजच. उद्या त्यांचा डॉक्टर तपासणार आहे. माझे बूट दाराशी काढून ठेव."

मी बूट काढून ठेवले. तो आला, रँडलला उचललं, ट्रिनाच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेला. रँडल पाच वर्षांचा, ट्रिना दोन. ओव्हनमध्ये मक्याची भाकरी होती, ती करपली. त्या वासात मी जिन्यावर बसून राहिले. आम्ही आर्कान्सातली माणसं, ओहायोत आमचं म्हणावं असं कुणी नव्हतं. शेवटी डेलच्या संघातल्या कॅचरची बायको बेव्ह धावत आली. तिची स्वतःची दोनदा बदली झाली होती.

"रडून झालं का?" तिने विचारलं. "झालं नसेल तर फोनवर रड. हा नंबर घे. मिसेस हुडाक. तिला फक्त पत्ता सांग, बाकी ती बघते."

शुक्रवारी सकाळी सातला दारात एक जुनी पावाची गाडी उभी राहिली. बेकरी बंद पडली तेव्हा वेराने ती घेतली होती. बाजूवर रंग मारला होता तरी त्याखालून गव्हाचं कणीस दिसत होतं. गाडीतून बावन्न वर्षांची, ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई उतरली. डोक्याला रुमाल, पायात पुरुषी बूट, आणि हात असे की भाताची अख्खी परात एका हाताने उचलेल. आत येऊन तिने घर नव्हे, आधी मला बघितलं.

"काल रात्री काय खाल्लंस?"

"काही नाही."

"मग आधी अंडी फोड. रिकाम्या पोटी बायका काचेची भांडी फोडतात."

तिची रीत ठरलेली होती. मुलांची अंथरुणं सगळ्यांत शेवटी गाडीत चढवायची, म्हणजे नव्या घरी ती सगळ्यांत आधी उतरतात. मूल आपल्या उशीवर झोपलं की मग कपाट कुठे का असेना. स्वयंपाकघरातलं एक पातेलं, एक चाकू आणि कॉफीचं भांडं हाताशी ठेवायचं. आणि कागदपत्रं खोक्यात कधीच घालायची नाहीत. ती तिच्या पुढच्या सीटखाली बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जायची.

"करार कुठाय?" तिने मला विचारलं.

"कसला?"

"नवऱ्याचा. क्लबाशी केलेला."

मला माहीत नव्हतं. सात वर्षं मी त्या कागदावर जगत होते आणि तो कधी वाचला नव्हता. डेलनेही वाचला नसावा. मॅनेजर बोट ठेवायचा, तिथे तो सही करायचा. अर्ध्या तासाने तो माशांच्या गळांच्या पेटीत सापडला.

"माझ्याकडे एक बाई बश्या गुंडाळायला रद्दी द्यायची," वेरा म्हणाली. "त्या रद्दीत एकदा हा निघाला. जेवणाच्या सुट्टीत मी अख्खा वाचून काढला. दोन दिवस लागले, भाषा मेली अशी की पाद्र्यालाही झोप येईल. पण त्यात आहे सगळं. बदली झालेल्याने बहात्तर तासांत हजर व्हायचं, हे त्यांना पाठ असतं. बायकामुलांना आणायचा खर्च क्लबाने द्यायचा, ते त्याच कागदावर चार बोटं खाली आहे, ते कुणाला पाठ नसतं." तिने करार डब्यात ठेवला आणि झाकण दाबलं. "बहात्तर तास तर बहात्तर तास. त्याच्या आत तुझं घर तिकडे लागलेलं असेल."

मग तिने आमच्याच फोनवरून वेस्टन फॉल्सला फोन लावला. तिचं हे दुसरं कसब. नऊ वर्षांत तिने ज्या बायकांना गावोगाव पोचवलं होतं त्या सगळ्या तिला ओळखत होत्या, आणि कुठल्याही गावातल्या क्लबाची बित्तंबातमी तिला पंधरा मिनिटांत मिळायची. आमच्या बदल्यात येणारा खेळाडू, तो शॉर्टस्टॉप, म्हणजे ह्युगो ओर्टेगा, पोर्टो रिकोतल्या पोन्सेचा. बायको मिलाग्रोस, एक तान्हं बाळ. तेही भाड्याच्या घरात.

"झालं तर," वेरा म्हणाली. "त्यांनी माणसं बदलली, आपण घरं बदलू. तू तिच्या घरात जा, ती तुझ्या. जाताना तुझं सामान, येताना तिचं. गाडी रिकामी पळवायची म्हणजे पाप."

आमचा घरमालक क्रम हे ऐकून तणतणत आला. भाडेकरू असा परस्पर बदलता येत नाही म्हणाला. वेरा गादीला दोरी बांधत होती. तिने मान वळवली नाही.

"मिस्टर क्रम, तुमचा धाकटा माझ्याकडे जेवतो. चौथीत ना? गाजरं ताटाखाली लपवतो. मी कधी कुणाला सांगितलं नाही."

क्रमने गादीचं दुसरं टोक धरलं.

शनिवारी पहाटे आम्ही निघालो. सहाशे मैल. पुढच्या बाकावर वेरा, मी आणि मधे दोन्ही मुलं. ती एका लयीत गाडी हाकायची, ना जलद ना सावकाश, आणि वाटेत स्लोव्हाक भाषेत गाणी म्हणायची. रँडलला त्यातलं एक पाठ झालं. त्याचा अर्थ मी विचारला तर म्हणाली, "दारुड्या नवऱ्याचं आहे. त्याला नको सांगूस." संध्याकाळी आम्ही वेस्टन फॉल्सला पोचलो. मिलाग्रोस खोकी भरून दारात उभी होती, काखेत बाळ, डोळे सुजलेले. ह्युगो शुक्रवारीच विमानाने पोर्ट हॅलमला गेला होता. तिला इंग्रजी जेमतेम येत होतं. वेराला स्पॅनिश अजिबात नाही. तरी वेरा तिच्याशी सरळ स्लोव्हाकमध्ये बोलू लागली.

"कळणार नाही तिला," मी म्हटलं.

"इंग्रजीही कळत नाही. मग मी कशाला त्रास घेऊ?"

मिलाग्रोस पहिल्यांदा हसली ती तेव्हा.

डेल मोटेलमधून आला आणि सामान उतरवू लागला. डाव्या हाताने. मी ते बघितलं, वेरानेही बघितलं. डॉक्टर काय म्हणाला विचारलं तर, "खूप वेळ घेतला त्याने," एवढंच बोलला. मुलं आपापल्या उशांवर झोपली. मिलाग्रोसला आणि बाळाला आम्ही त्यांच्याच पलंगावर झोपवलं. तो पलंग सकाळी शेवटी चढवायचा होता.

रविवारी सकाळी चर्चच्या घंटा वाजत होत्या. मिलाग्रोसचं अर्धं घर गाडीत चढलं होतं, आमची खुर्च्याटेबलं हिरवळीवर होती, तेवढ्यात वेस्टन फॉल्सचा मॅनेजर स्वतः गाडी घेऊन आला. त्याने टोपी काढली. टोपी काढलेला मॅनेजर मी त्याआधी फक्त राष्ट्रगीताच्या वेळी बघितला होता.

"डेल, खांद्यात रंग टोचून काढलेले एक्स-रे बघितले आम्ही," तो म्हणाला. "खांदा फाटलाय आतून. असला हात मी घेऊ शकत नाही. सौदा मोडला. ओर्टेगा परत येतोय, तू परत जा. मला वाईट वाटतं, पोरा."

तो गेला. डेल माझ्या आईने दिलेल्या झुलत्या खुर्चीत बसला, उघड्यावर, रस्त्याकडे तोंड करून. सात वर्षांत इतकं लहान झालेलं मी त्याला बघितलं नव्हतं. कुणाला नकोसा झालेला माणूस, आणि तो ज्या गावी आधी नकोसा झाला त्याच गावी आम्हाला परत जायचं होतं. मिलाग्रोसला काय झालं ते मी खाणाखुणांनी सांगितलं. ती आधी आनंदाने ओरडली, मग डेलकडे लक्ष गेलं तशी तिने तोंडावर हात घेतला.

वेरा गाडीच्या मागच्या पायरीवर उभी होती. दोन दिवसांची मेहनत सगळी उलट करायची होती. मला वाटलं आता ही शिव्या घालणार. तिने रुमाल सोडला, पुन्हा घट्ट बांधला.

"बरं," ती म्हणाली. "आधी जेवून घेऊ. पोरी, हिचं पातेलं कुठल्या खोक्यात गेलं?"

मिलाग्रोसने तुरीच्या दाण्यांचा भात केला. डेल जेवायला उठेना, तेव्हा वेरा थाळी घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. "हे बघ, मी रोज तीनशे जणांना भरवते. तीनशे एकावा जड नाही मला. तोंड उघडतोस की मी उघडू?" तो जेवला. मग आम्ही चौघांनी मिलाग्रोसचं घर परत लावलं, आमचं परत चढवलं. निघताना मिलाग्रोसने वेराचे दोन्ही गाल धरून पाप्या घेतल्या.

परतीच्या वाटेवर पुढे आम्ही पाच जण. मुलं पेंगली आणि वेराने विचारलं, "दुखलं कधी?"

डेलने ट्रिनाचं डोकं मांडीवर नीट केलं.

"मी क्लबाची माणूस नाही. मी पातेली बांधते. सांग."

"तीस एप्रिलला," तो म्हणाला. "नववा डाव होता. एक चेंडू टाकला आणि आत काहीतरी चादर फाटल्यासारखं झालं. तरी तो डाव पुरा केला. जिंकलो आम्ही."

"कुणाला सांगितलंस?"

"फेंटनला. ट्रेनरला. तो म्हणाला, शेकू, मलम लावू, गाजावाजा करू नकोस. या वयात हात दुखतो म्हटलं की संपलं."

म्हणजे सहा आठवडे हा माणूस तसल्या हाताने चेंडू टाकत होता. मला माहीत नव्हतं. मला रडूही आलं आणि त्याला मारावंसंही वाटलं.

रात्री ट्रकवाल्यांच्या एका हॉटेलात वेराने डबा आणला, चष्मा लावला, करार काढला आणि कॉफी निवेपर्यंत वाचत बसली. मग बोट ठेवून म्हणाली, "हे ऐक. खेळताना दुखापत झाली तर हंगाम संपेपर्यंत पगार आणि औषधपाणी क्लबाकडे. काढून टाकलं तरी. आता ते काय करतील सांगू? तुला एक कागद देतील. त्यावर लिहिलेलं असेल की तू आपणहून खेळ सोडतोयस. सही केलीस की हे कलम गेलं. मी तीन घरांत बघितलंय हे. सही करायला काहीही पुढे केलं तर म्हणायचं, बायकोला विचारून सांगतो."

"हसतील मला."

"हसू दे. हसण्याने हात दुखत नाही."

सोमवारी घरी पोचलो तेव्हा किल्ली पायपुसण्याखाली होती. ह्युगो ओर्टेगा दोन रात्री आमच्या रिकाम्या घरात जमिनीवर झोपला होता. जाताना त्याने फरशी पुसली होती आणि वर्षभर गळणारा नळ दुरुस्त केला होता.

मंगळवारी क्लबाच्या कचेरीतून बोलावणं आलं. तिथे लॅथ्रप नावाचा चिटणीस होता, गोड बोलणारा. त्याने डेलला कॉफी दिली, पुढच्या वर्षी कोच म्हणून काहीतरी बघू म्हणाला, आणि कागद सरकवला. वेराने सांगितला होता तोच. डेल म्हणाला, बायकोला विचारून सांगतो. लॅथ्रप खरंच हसला.

त्या संध्याकाळी वेरा आमच्या स्वयंपाकघरात करार पुन्हा वाचत होती. एकदम थांबली.

"अरे देवा."

"काय झालं?"

"बारीक अक्षरात आहे. दुखापत झाली की वीस दिवसांच्या आत क्लबाला लेखी कळवायला हवं. तीस एप्रिल. आज वीस जून."

डेल उठला, त्याने लॅथ्रपने दिलेला कागद आणि पेन घेतलं. "सही करतो आणि संपवतो. मिसेस हुडाक, तुम्ही खूप केलंत."

"खाली ठेव ते पेन," वेरा म्हणाली. आवाज वाढवला नाही. बहुधा शाळेत असंच बोलत असावी. "तू नाही कळवलंस. फेंटनने काही लिहिलं होतं का?"

"मला काय ठाऊक?"

"मग उद्या विचारते."

दुसऱ्या दिवशी तिने मलाही नेलं. फेंटन मैदानामागच्या खोलीत टॉवेल वाळत घालत होता. चौसष्ट वर्षांचा, वाकलेला, बोटांना कायम मलमाचा वास. वेराने काही प्रस्तावना केली नाही.

"मिस्टर फेंटन, दोन मे किंवा त्याच्या आसपास तुम्ही टॅकेटच्या खांद्याबद्दल वर काही लिहून दिलं होतंत का?"

तो टॉवेल घालत राहिला. एक, दोन, तीन.

"दर सोमवारी द्यावं लागतं," शेवटी तो म्हणाला. "कुणाला काय झालं त्याचा तक्ता. कचेरीत शिक्का मारतात आणि एक प्रत मला परत देतात."

"त्यात तो आहे?"

"मिसेस हुडाक, मी इथे बावीस वर्षं आहे. आणि माझा करार एकेका हंगामाचा असतो."

"ठाऊक आहे मला. म्हणून मागत नाही. फक्त विचारते, आहे का."

तो आत गेला. बराच वेळ गेला. बाहेर पोरं सराव करत होती, बॅटीचा आवाज येत होता. फेंटन एक पिवळा कागद घेऊन आला आणि वेराच्या नव्हे, माझ्या हातात दिला. एक मेचा तक्ता. 'टॅकेट, उजवा खांदा, तीस एप्रिल, नववा डाव, आत फाटल्याची शंका, डॉक्टरला दाखवावं.' खाली कचेरीचा जांभळा शिक्का.

"मी त्याला गप्प राहायला सांगितलं," तो मला म्हणाला. "त्याच्या भल्यासाठी वाटलं होतं. पण लिहायचं ते मी लिहिलं. ते मी कधी खोटं लिहीत नाही."

गुरुवारी आम्ही तिघं कचेरीत गेलो. वेराने चर्चचा निळा पोशाख घातला होता, हातात पत्र्याचा डबा. लॅथ्रप उठून उभा राहिला.

"आपण कोण? वकील?"

"मी यांचं सामान बांधते," वेरा म्हणाली आणि न विचारता खुर्चीत बसली.

तिने आधी करार ठेवला, कलमावर बोट. मग वीस दिवसांच्या ओळीवर बोट. लॅथ्रपच्या तोंडावर जरा हुशारी आली. मग तिने पिवळा कागद ठेवला आणि शिक्क्यावर बोट ठेवलं. "हे लेखी आहे. हे तुमच्या कचेरीत आलं. हे दुसऱ्याच दिवशी आलं. मी काही शिकलेली नाही, मिस्टर लॅथ्रप. काही चुकत असेल तर सांगा."

लॅथ्रपने कागद तीनदा वाचला. मग म्हणाला, मला वर विचारावं लागेल.

"विचारा ना," वेरा म्हणाली. "यानेही बायकोला विचारलं."

मी खिडकीबाहेर बघत राहिले, नाहीतर हसू फुटलं असतं.

नऊ दिवसांनी पत्र आलं. क्लबाने दुखापत मान्य केली. कोलंबसच्या इस्पितळात शस्त्रक्रिया झाली आणि सप्टेंबरपर्यंत पगार येत राहिला. खांदा मात्र खेळण्याजोगा कधीच झाला नाही. डेलने पुन्हा चेंडू टाकला तो फक्त रँडलला, आणि तोही खालून. त्या हिवाळ्यात वेराने त्याला शाळेत बॉयलरच्या कामावर लावून दिलं. पहिले काही महिने तो कुणाशी बोलायचा नाही. वेरा रोज बाराला त्याची थाळी घेऊन तळघरात उतरायची आणि तो संपवेपर्यंत पायरीवर बसायची. काय बोलायची माहीत नाही. डेल म्हणायचा, बहुतेक बटाट्यांच्या भावाबद्दल.

फेंटनचा करार त्या डिसेंबरात वाढवला नाही. कारण कुणी दिलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. वेराला ते फार लागलं. मला म्हणाली, "मी मागत नाही म्हटलं खरं. पण माझ्यासारखी बाई दारात उभी राहून विचारते तेव्हा ते मागणंच असतं." ती त्याच्या घरी गेली. तो म्हणाला, वय झालंच होतं. तो इंडियानात लेकीकडे राहायला गेला तेव्हा त्याचं घर वेराने बांधलं, एक पैसा न घेता. मी आणि डेलही होतो. बावीस वर्षांचे चेंडू होते त्याच्याकडे, सह्यांचे. एकेक चेंडू तिने मोज्यात घालून ठेवला.

पुढे ती आणखी अठरा उन्हाळे हे काम करत राहिली. अदलाबदलीची तारीख जुलैअखेर गेली तेव्हा तिने सगळ्यांदेखत क्लबांना शिव्या घातल्या, कारण जुलैत गाडीचा पत्रा तापायचा. क्लबांनी छापील फॉर्मवाल्या मोठ्या कंपन्या नेमल्या, तरी बायका फोन तिलाच करायच्या. ह्युगो ओर्टेगाची त्यानंतर चार वेळा बदली झाली. त्यातल्या दोन वेळा मिलाग्रोसने वेराला बोलावलं. एव्हाना मिलाग्रोसला इंग्रजी छान येत होतं, पण त्या दोघी बोलायच्या आपापल्याच भाषेत, आणि त्यांचं कधी काही अडलेलं मी बघितलं नाही. दोन हजार चार सालच्या वसंतात वेरा गेली, अठ्ठ्याहत्तर वर्षांची होऊन, तीन दिवस आजारी पडून.

मला आठवतो तो मात्र एकोणऐंशीचा जून. सोळा तारीख. सकाळी वेराने आमच्या दारात भोंगा वाजवला. मी मुलांना डेलकडे सोपवून गाडीत बसले. मदतीला म्हणून, एका दिवसापुरती, असं मी समजत होते. मेपल स्ट्रीटवरच्या वरच्या मजल्यावर कुणाची तरी बायको होती, विशीतली, ओक्लाहोमाची. नवरा आदल्या दिवशी गेला होता. जिन्यातूनच तिचं रडणं ऐकू येत होतं.

वेराने दोऱ्या खांद्यावर टाकल्या, दोन पायऱ्या चढली आणि थांबली.

"तू जा वर," ती मला म्हणाली. "मी खालून खोकी आणते."

"मी काय बोलू तिच्याशी?"

"काल रात्री काय खाल्लं ते विचार."

मी वर गेले.